निकेल शुद्ध कसं होतं? गोव्यातल्या कुंकळ्ळीपासून घरातल्या ताटापर्यंत

जिंतूर : लग्नसराईत भांड्यांच्या दुकानात हमखास दिसणारं दृश्य. मुलीचा बाप खिशातून चुंबक काढतो, ताटाला लावतो, चिकटलं नाही की माल अस्सल समजून पैसे मोजतो. ही परीक्षा अर्धीच खरी आहे. कारण स्टीलची किंमत ठरते ती निकेलवर, आणि निकेल किती आहे हे चुंबक सांगत नाही.

304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 200 मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. तेही चुंबकाला चिकटत नाही, पण मीठ, लोणचं, ताक असं आंबट-खारट ठेवलं की लवकर डाग धरतं. दिसायला दोन्ही सारखीच चकाकतात.

हे निकेल येतं कुठून? आपल्या देशात खनिज आहे ते बहुतेक ओडिशात, सुकिंदा खोऱ्यात, क्रोमाइटच्या खाणीवरच्या मातीत. पण त्यात निकेलचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच, म्हणून ते काढणं परवडत नाही. गरजेचं जवळपास सगळं निकेल बाहेरून येतं. जगात खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्मं किंवा त्याहून जास्त आज एकट्या इंडोनेशियात निघतं.

आपल्या जवळचा निकेल कारखाना दक्षिण गोव्यात, कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आधी नाव निकोमेट होतं. डिसेंबर 2021 मध्ये वेदांता कंपनीने तो घेतला, आता त्याला निको म्हणतात. निकेल आणि कोबाल्ट मिळून वर्षाला साडेसात हजार टन अशी त्याची क्षमता सांगितली गेली. झारखंडात घाटशिला इथेही हिंदुस्तान कॉपरने 2016 मध्ये तांब्याच्या कामातून उरणारं निकेल काढायला सुरुवात केली होती.

शुद्धीकरणाची रीत थोडक्यात अशी. निकेल असलेला कच्चा माल गंधकाच्या तेजाबात विरघळवतात. हिरवंगार पाणी तयार होतं, पण त्यात लोखंड, तांबं, कोबाल्ट असे सगळेच पाहुणे असतात. चुन्यासारखा पदार्थ घालून तेजाबाचा जोर कमी केला की लोखंड गाळ होऊन खाली बसतं. खरी डोकेदुखी कोबाल्टची. तो निकेलचा सख्खा भाऊ, वागणं अगदी सारखं. त्यासाठी रॉकेलसारख्या तेलात खास रसायन मिसळून ते या पाण्यात घुसळतात. कोबाल्ट तेलात ओढला जातो, निकेल पाण्यात राहतं. मग तेल वर तरंगतं, ताकावर लोणी यावं तसं, आणि वेगळं काढता येतं.

उरलेल्या पाण्यात पातळ पत्रे टांगून वीज सोडतात. निकेल कणाकणाने पत्र्यावर बसत जातं आणि काही दिवसांत जाड पाटी तयार होते. लंडनच्या धातूबाजारात विकायचं तर ती किमान 99.80 टक्के शुद्ध लागते. वीज न सोडता पाणी आटवलं तर निकेल सल्फेटचे हिरवे खडे मिळतात. ते मुलामा देण्याच्या कामात आणि गाड्यांच्या बॅटरीत जातात.

याहून शुद्ध हवं असेल तर दुसरी रीत आहे. लुडविग मॉन्ड या रसायनतज्ज्ञाने 1890 मध्ये ती जगापुढे मांडली. 50-60 अंशांवर निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड सोडला की निकेल चक्क वायू होऊन उडतं, आणि तो वायू दोनशेच्या वर तापवला की परत धातू खाली बसतो. वायू मात्र जहाल विषारी, त्यामुळे हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

शेतकऱ्याचा निकेलशी संबंध फक्त भांड्यांपुरता नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना नैसर्गिक वायू आणि वाफ निकेलच्या गोळ्यांवरूनच नेतात. वनस्पती तूप घट्ट करायलाही निकेलच वापरतात. उलट बाजूही आहे. नकली दागिन्यांतल्या निकेलने कान-गळ्याला खाज सुटते, पुरळ येतं. असं झालं तर मलम बदलत बसण्यापेक्षा आधी दागिना काढावा.

आता परत भांड्यांकडे. स्टीलच्या भांड्यांना आयएसआय शिक्का बंधनकारक करणारा आदेश केंद्राने 2024 मध्ये काढला. मानकाचा क्रमांक आयएस 14756. शिक्क्यासोबत सीएम/एल लिहिलेला परवाना नंबर असतो, तो बीआयएस केअर या मोफत ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. आणि घरी आजीच्या पेटीत 1962 ते 1974 या सालातला बंदा रुपया सापडला तर त्याला चुंबक लावून बघा. तो शुद्ध निकेलचा होता, टपकन चिकटतो.