केडगावची मंडळी



आपल्याकडे ‘मंडळी’ हा शब्द किती तऱ्हांनी वापरतात बघा. ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ असं एखादा गडी म्हणाला की समजायचं, बायको गेली. ‘चला मंडळी, पानं वाढलीत’ म्हटलं की सगळेच उठतात. आणि मराठी ख्रिस्ती लोक एकत्र उपासना करणाऱ्या माणसांच्या समूहाला ‘मंडळी’च म्हणतात. देवळाची इमारत ती मंडळी नव्हे. आत बसणारी माणसं ती मंडळी.

आज आम्ही तुम्हाला अशाच एका मंडळीचा इतिहास सांगणार आहोत. या मंडळीत सुरुवातीला जवळजवळ सगळ्या बायका आणि मुलीच होत्या. गाव केडगाव. नगरजवळचं केडगाव नव्हे हं, पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की यवत, खुटबाव आणि मग केडगाव स्टेशन लागतं. तिथलं पंडिता रमाबाई मुक्ती मिशन तुमच्यापैकी काहींना ऐकून माहीत असेल. रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. पण त्यांच्याबरोबर त्या माळावर राहिलेल्या शेकडो बायकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर एकच वाक्य ऐकू येतं, ‘भाकरीसाठी बाटल्या.’ आमच्या बैठकीतही एकदा हे वाक्य निघालं होतं, तेव्हापासून ते आमच्या डोक्यात आहे. ते खरं की खोटं, हे बघायचं तर गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईनं संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ, पण त्यांनी आधी बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं. मग त्या आईनं रमाबाईंना शिकवलं. घर म्हणजे कायमची तीर्थयात्रा. आज या क्षेत्री, उद्या त्या. पुराणं सांगायची आणि लोक देतील त्यावर जगायचं. पुढं दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. त्यात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. उपाशी पोटी ते शेकडो कोस चालले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. म्हणजे भूक काय असते, हे या बाईला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पुढची सगळी गोष्ट इथूनच समजते.

पुढं भाऊही वारला. रमाबाईंनी बंगालमधल्या वकिलाशी, जातीबाहेर लग्न केलं. दीड-दोन वर्षांत तेही गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या. पुढं इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. मग अमेरिकेत जाऊन आपल्याकडच्या विधवांसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झालं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. केस काढलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या मुलींना तिथं वाचायला शिकवत. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई याच पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. गोदूबाई शारदा सदनात शिकल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. हे लक्षात ठेवा.

मात्र सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मदत करणारी मोठी माणसं १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्म शिकवणार नाही असं ठरलं होतं, म्हणून लोकांना फसल्यासारखं वाटलं. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, यायचं का नाही ते मुलींनी ठरवावं. दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर आम्हाला एक खटकलं. वाद सगळा मोठ्या माणसांमधला. मुलींना काय वाटलं, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

आता केडगावकडे येऊ. सदनाला कायम परदेशी पैशावर अवलंबून राहायला नको, स्वतःचं उत्पन्न हवं, म्हणून रमाबाईंनी केडगावला रेल्वेजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. बेत फळबागेचा होता. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे जबलपूरच्या बाजूला, भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिथं गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या मुली पाहिल्या. अशा वेळी मुली विकत घेणारे दलालही फिरत असतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या शेकडो मुलींना रेल्वेनं घेऊन आल्या. इकडं पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुलींना एकत्र ठेवता येईना. मग त्यांना केडगावच्या माळावर आणलं. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या. मंडळीची सुरुवात झाली ती अशी, चुलीपासून.

१८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ रीतसर उभं राहिलं. इथं मात्र काही झाकलेलं नव्हतं. हे घर ख्रिस्ती आहे, असं उघड सांगितलेलं होतं. १८९९ मध्ये मोठ्या दगडी देवळाचा पाया घातला. पाठोपाठ गुजरात-काठेवाडात दुष्काळ आला आणि आणखी मुली आल्या. १९०० च्या सुमाराला तिथं दीड हजारांहून जास्त बायका-मुली होत्या. कुणाची बोली हिंदी, कुणाची गुजराती, कुणाची मराठी. ब्राह्मण विधवाही होत्या आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्या घरच्या मुलीही होत्या. पंगत एक, पाणी एक. त्या काळात एका विहिरीचं पाणी सगळ्यांनी पिणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाप्तिस्मा व्हायचा तो भीमेच्या पाण्यात.

आता तो प्रश्न. भाकरीसाठी बाटल्या का? आम्ही खरं बोलू. ज्या मुलीच्या पोटात आठ दिवस अन्न नाही, तिनं कुणाचा हात धरला आणि का धरला, याचा हिशेब पोट भरलेल्या माणसानं मांडू नये. काही मुली लहान होत्या. घर, भाषा, देव, सगळं एकदम बदललं, तेव्हा त्यांच्या मनात काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. आणि ज्या हातानं अन्न मिळतं, त्या हाताला नाही म्हणणं सोपं नसतं, हेही आम्ही नाकारत नाही. पण दुष्काळ सरला, पाऊस पडला, धान्य पिकलं. त्यानंतर ती मंडळी पांगायला हवी होती. तशी ती पांगली नाही. याचं कारण तिथल्या रोजच्या कामात सापडतं.

मुक्तीत प्रत्येकीला दोन गोष्टी शिकाव्या लागत, वाचणं आणि एखादं काम. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलघाणा, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा, छापखाना. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवायची सोय केली. बोटांनी वाचायची ती उठावाच्या ठिपक्यांची लिपी. फसवल्या गेलेल्या, लोकांनी ‘वाया गेलेली’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ होतं. बाप्तिस्मा द्यायला बाहेरचे पाळक येत, पण रोजची शिकवण, प्रार्थना, आजारी बाईजवळ रात्र काढणं हे बहुतेक सगळं बायकाच बघत. १९०५ च्या जूनमध्ये तिथं प्रार्थनेची मोठी लाट आली. ख्रिस्ती लोक तिला संजीवन म्हणतात. त्यानंतर बायकांचे जथे आसपासच्या गावांत बोलायला जाऊ लागले. कालपर्यंत जिला कुणी दारात उभं केलं नव्हतं, ती आता चार माणसांपुढं उभी राहून बोलत होती. तुम्ही तिचा देव माना अथवा न माना, तिचं उभं राहणं तर दिसतंच.

आणि छापखान्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. बायबलचं मराठी भाषांतर आधीपासून होतं. पण त्यातली भाषा संस्कृत शब्दांनी जड झालेली, खेड्यातल्या बाईला न कळणारी, असं रमाबाईंना वाटे. स्वतः संस्कृतच्या पंडिता, तरी त्यांना साधी मराठी हवी होती! त्यासाठी उतारवयात त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि मुळापासून भाषांतराला बसल्या. छापखान्यात खिळे जुळवायला, यंत्र चालवायला मुक्तीतल्याच बायका. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुली मोठ्या होऊन एक एक अक्षर हातानं जुळवत होत्या. काम कित्येक वर्षं चाललं. मधे १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. पुढच्या वर्षी ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. रमाबाईंच्या मागं दोन वर्षांनी ते काम पुरं झालं, म्हणजे मंडळी एका बाईवर उभी नव्हती, हे तिथं सिद्ध झालं.

रमाबाईंना १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९८९ मध्ये आपल्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. हा मान योग्यच आहे. पण त्या तिकिटावर खिळे जुळवणारीचं नाव नाही. घाण्यावर बसणारीचं नाही. जबलपूरहून आलेल्या भाषा न कळणाऱ्या पोरीला पहिल्या रात्री जवळ घेऊन झोपवणारीचं नाही. मंडळी तर त्यांचीच होती.

आम्ही गटांच्या वह्या तपासायला गावोगाव जातो. बऱ्याच ठिकाणी ठरावाच्या वहीत अध्यक्ष आणि सचिव यांचीच नावं असतात. बाकीच्यांसाठी लिहिलेलं असतं, ‘सर्व सदस्य हजर’. आपला गटही अडचणीतूनच सुरू झाला. कुणी मुलाच्या दवाखान्यासाठी आली, कुणी सावकारापायी. ‘कर्जासाठी गटात आल्या’ असं आपल्यालाही लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काय? कर्जासाठीच आलो. पण कर्ज फिटल्यावरही बैठकीला येतो, ते का? याचं उत्तर केडगावच्या बायकांना लिहून ठेवायची संधी फार थोड्या वेळा मिळाली. आपल्याजवळ वही आहे आणि लिहिता येणाऱ्या मुली आहेत.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. ‘सर्व सदस्य हजर’ असं लिहू नका. एकेकीचं पूर्ण नाव लिहा, आणि पुढं एक ओळ, ती गटात कशासाठी आली आणि आज काय काम करते. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं तिच्याच शब्दांत उतरवावं. पन्नास वर्षांनी कुणी आपल्या मंडळीबद्दल एका वाक्यात निकाल दिला, तर उत्तर द्यायला ती वही असेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.