पादबंधाची कथा

श्रोतेहो, खडावा घालून चालणारा मनुष्य आपण पाहिला असेल, तर आजचा विषय आपणांस अर्धा समजलाच म्हणून समजा. खडावेस पट्टा नसतो. अंगठा व शेजारचें बोट ह्यांच्यामध्यें एक खुंटी, एवढाच काय तो पायाचा व लाकडाचा संबंध. पाऊल उचलतांना टांच मोकळी वर येते, बोटें मात्र लाकूड सोडीत नाहींत. सपाट अंगणांत चालावयास एवढें पुरे. परंतु त्याच खडावा घालून कोणी डोंगराच्या उतारावरून वेगानें धांवूं लागला, तर त्याचें काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यांत असतांना कांहीं हिंवाळे गुलमर्गच्या बर्फांत काढून आला. सेवानिवृत्तीनंतर तो भेटावयास आला, तेव्हां किंचित् लंगडत होता. त्यानें माझ्या टेबलावर धातूची एक लहानशी वस्तु ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखा." मला ती ओळखतां आली नाहीं. बर्फावर घसरत जाण्याच्या ज्या लांब पट्ट्यांना स्की म्हणतात, त्यांवर बूट अडकविण्याची ती कळ होती. तिला बाइंडिंग म्हणतात. आपण पादबंध म्हणूं. "शाळेंत तुम्हीं आम्हांला राज्यांचा इतिहास शिकविलात," तो म्हणाला, "ह्या वस्तूलाहि इतिहास आहे." तो इतिहास मीं मग शोधून वाचला, व तोच आज सांगणार आहें.

स्की फार प्राचीन. उत्तर यूरोपांत सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या स्की सांपडल्या आहेत. परंतु शेंकडों वर्षें त्यांचा पादबंध खडावेच्याच जातीचा होता. बोटांवरून चामड्याचा एक पट्टा जाई, व टांच मोकळी राही. नॉर्वेमधील टेलेमार्क प्रांतांत मॉर्गेडाल नांवाचें खेडें आहे. तेथील साँड्रे नॉर्हाइम (१८२५–१८९७) ह्या गरीब शेतकऱ्यानें विलो झाडाच्या काटक्या पिळून त्यांचा फांस टांचेभोंवतीं घातला. टांच वर उचलतां येई, पण पाय आडवा निसटेना. ह्यामुळें वळणें घेणें व उड्या मारणें शक्य झालें. १८६८ मध्यें राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथें त्यानें आपलें कौशल्य दाखविलें, तेव्हां पाहणारे थक्क झाले.

१८८८ मध्यें फ्रित्यॉफ नान्सेन ह्यानें स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें. त्याच्या प्रवासवर्णनानें मध्य यूरोपास स्कीचें वेड लाविलें. परंतु आल्प्सचे चढउतार नॉर्वेच्या टेकड्यांसारखे नव्हेत. ऑस्ट्रियांतील लिलिएनफेल्ड येथें राहणाऱ्या माथियास झ्डार्स्की ह्याच्या ध्यानांत आलें कीं, ह्या कड्यांवर चामडें व काटक्या पुरणार नाहींत. त्यानें पोलादी पट्टीचा, पुढें बिजागरी असलेला बंध तयार केला आणि १८९६ च्या सुमारास आपल्या पद्धतीवर पुस्तकहि लिहिलें. पुढें १९२९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गीडो रॉयगे ह्यानें तारेचा बंध काढला. त्यांतील तार बाजूच्या आंकड्यांखालीं अडकविली कीं टांच खालीं दाबून राही, व सोडली कीं चढावयास मोकळी होई. ह्या बंधाचें नांव 'कंदाहार'! काबूलहून कंदाहारवर १८८० मध्यें सैन्य घेऊन गेलेले सेनापति रॉबर्ट्स ह्यांच्या नांवानें आल्प्समध्यें एक स्की-स्पर्धा सुरू झाली होती, तिच्यावरून हें नांव आलें.

पाय घट्ट बांधला गेला खरा, पण येथेंच नवें संकट उभें राहिलें. घोडेस्वार पडला आणि त्याचा पाय रिकिबींत अडकला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. स्कीचेंहि तसेंच. मनुष्य एकीकडे पडतो, लांब पट्टी दुसरीकडे वळते, आणि मधल्या पायाचें हाड पिळवटून मोडतें. अमेरिकेंत स्थायिक झालेला नॉर्वेचा स्कीपटु ह्याल्मर ह्वाम ह्याचा पाय १९३७ मध्यें असाच मोडला. रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यानें विचार केला कीं, पाय जास्त पिळला जातांच आपण होऊन सुटेल असा बंध कां नसावा? १९३९ मध्यें त्यानें अशा बंधाचें पेटंट घेतलें. बांधण्याच्या इतिहासांत सोडण्याचा विचार येथून बळावला.

पुढें पर्वतांवर यांत्रिक पाळणे झाले. यंत्रानें वर जावयाचें व घसरत खालीं यावयाचें, अशा लोकांना टांच मोकळी करण्याचें कारण उरलें नाहीं. त्यांचे बंध भक्कम व सुरक्षित झाले. परंतु जो स्वतःच्या पायांनीं शिखर चढतो, त्याला मोकळी टांच हवीच. त्याच्यासाठीं सांगाड्याचे बंध निघाले. त्यांत टांचेबरोबर सगळी चौकटच उचलावी लागे, व एकेका पायावर सुमारें एक किलो वजन येई. शिक्षकाच्या संवयीनें मीं हिशेब मांडला. समजा, एका चढणींत प्रत्येक पाय तीन हजार वेळां पुढें टाकावा लागला आणि पायावरील वजन अर्धा किलोनें कमी झालें, तर एका पायास पंधराशें किलोंचा भार वांचला!

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांतील फ्रिट्झ बार्टेल ह्या तरुणानें १९८० नंतरच्या दशकांत हा प्रश्न उलट बाजूनें सोडविला. बूट कडक असतो, मग बुटाखालीं चौकट हवीच कशाला? त्यानें बुटाच्या पुढच्या टोंकास दोन्ही बाजूंनीं बारीक खोबणी केल्या व स्कीवर दोन पोलादी सुळे बसविले. सुळे खोबणींत बसले कीं बूट त्यांवर बिजागरीसारखा फिरतो. मागें दोन खुंट्या टांचेंत शिरतात. मागचा भाग फिरविला कीं टांच मोकळी होते. चढ तीव्र असेल, तर टांचेखालीं घेण्यास आधारहि असतो. वजन साडेतीनशें ग्रॅमच्या आसपास! खडावेची खुंटी पुन्हां पोलादांत अवतरली म्हणाना. डायनाफिट ह्या कंपनीनें १९९० च्या सुमारास हा बंध बाजारांत आणिला. आरंभीं लोकांनीं ह्या चिमुकल्या वस्तूवर विश्वास ठेविला नाहीं; पुढें पेटंटची मुदत संपतांच इतर कारखान्यांनीं तीच कल्पना उचलली.

परंतु हलकेपणाची किंमत असते. चढतांना पुढचे सुळे कुलूप लावल्यासारखे पक्के करावे लागतात, नाहींतर पाय मध्येंच सुटेल. त्या स्थितींत हिमलोट अंगावर आला, तर स्की सुटत नाहींत आणि नांगराप्रमाणें मनुष्यास बर्फाखालीं ओढतात. म्हणून गेल्या कांहीं वर्षांतील सुधारणांचा सारा रोख वजन न वाढवितां सुटका निश्चित करण्यावर आहे. कांहीं बंध टांचेऐवजीं पुढच्या बाजूनें आडवे सुटतात. स्की वांकली तरी पकड बदलूं नये म्हणून कांहींत टांचेचा भाग पुढेंमागें सरकतो. सुटलेली स्की दरींत जाऊं नये म्हणून ब्रेक असतात. मार्करच्या किंगपिन बंधांत पुढें सुळे व मागें स्प्रिंगची पकड आहे. २०१८ मधील सालोमनचा शिफ्ट चढतांना सुळ्यांचा असतो व उतरतांना नेहमींच्या भक्कम बंधाचें रूप घेतो. उलटपक्षीं शर्यतीचे बंध शंभर-सव्वाशें ग्रॅमपर्यंत उतरले आहेत. २०२६ च्या हिंवाळी ऑलिंपिकच्या कार्यक्रमांत स्कीनें पर्वत चढण्याच्या शर्यतीस प्रथमच स्थान मिळालें, त्यामागें ह्या हलक्या बंधांचा वांटा मोठा आहे.

हें सर्व वाचून झाल्यावर मीं माझ्या विद्यार्थ्यास पुन्हां बोलाविलें आणि त्याच्या लंगडण्याचें कारण विचारलें. तो हंसून म्हणाला, "जुन्या बंधानें वेळेवर सोडलें नाहीं, गुरुजी." माझ्या टेबलावरील ती वस्तु त्यानें उचलून हातांत फिरविली व पुन्हां जागच्या जागीं ठेविली.

श्रोतेहो, बर्फ न पाहिलेल्या मज शाळामास्तरास ह्या कथेंत आपलाच धंदा दिसला. मुलाचा हात घट्ट धरणें सोपें असतें. तो केव्हां सोडावा, हें मात्र मला नोकरीच्या अखेरीपर्यंत शिकावें लागलें.