पिठाच्या कवचाआडचा मासा

इंग्लंडमध्ये शुक्रवारी संध्याकाळी 'फिश अँड चिप्स'च्या दुकानात आजही विशेष गर्दी होते. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याच्या जुन्या ख्रिस्ती प्रथेची ती खूण होय. मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी, एवढाच तो बेत! परंतु त्या सोनेरी कवचाआड कोणता मासा असतो, हे शोधू गेल्यास मोठा इतिहास हाती लागतो.

पिठात घोळून मासा तळण्याची रीत इंग्लंडमध्ये रुजवली ती मुख्यत्वे स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या यहुदी कुटुंबांनी. १४९२ साली स्पेनच्या कॅथलिक राजसत्तेने यहुद्यांना देशोधडीला लावले होते. ज्यांना आपण हाकलले, त्यांच्याच चुलीवरून आपल्या शुक्रवारचे जेवण आले, हे नम्रतेने मान्य करावयास हवे. पुढे १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ मालिन या यहुदी गृहस्थाने मासा आणि चिप्स एकत्र विकण्यास आरंभ केला, असे सांगतात. लँकेशायरमधील मॉस्ली गावचे जॉन लीस यांच्याकडेही हा मान दिला जातो. वाफेची जहाजे, बर्फ आणि रेल्वे यांमुळे ताजी मासळी गिरणीगावांत स्वस्त झाली आणि हे कामगारांचे अन्न बनले. दुसऱ्या महायुद्धातही त्यावर रेशनिंग लादले गेले नाही.

या दुकानांतील मासळीला 'पांढरी मासळी' म्हणतात. तिची चरबी मांसात न साठता यकृतात साठते. लहानपणी नाक दाबून प्यायलेले कॉडलिव्हर तेल ते हेच! मांस मात्र पांढरे राहते आणि कवचाच्या आत स्वतःच्याच वाफेवर शिजते. दक्षिण इंग्लंडची आवड कॉड, तर यॉर्कशायर आणि स्कॉटलंडची हॅडॉक. हॅडॉकच्या खांद्याजवळ काळा डाग असतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील नाणे काढताना उमटलेले ते संत पेत्राचे बोट, अशी लोककथा आहे. हॅडॉक खाऱ्या समुद्रातला आणि गालीलचे सरोवर गोड्या पाण्याचे. पण श्रद्धाळू कोळ्यांनी तेवढी सूट घेतली! याखेरीज चपटा प्लेस, हेक आणि स्वस्त कोली हेही मासे तळले जातात. 'रॉक सॅमन' नावाने विकला जाणारा मासा तर सॅमन नव्हेच. तो आपल्या मुशीच्या जातकुळीतला.

या सर्वांत कॉडच्या वाट्याला मोठी शोकांतिका आली. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी, त्या काळच्या साधनांचा विचार करता, कॉडचा साठा बहुधा अक्षय्य असल्याचे मत मांडले. साधने मात्र बदलली. आपली मासळी वाचविण्यासाठी आइसलंडने सागरी हद्द वाढवत नेली. त्यातून १९५८ ते १९७६ या काळात ब्रिटनशी तीनदा 'कॉडयुद्ध' झडले. अखेर २०० सागरी मैलांची हद्द मान्य झाली आणि हल, ग्रिम्सबी या बंदरांतील दूरसागरी मासेमारी ओसरली. पलीकडे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ अवाढव्य जहाजांनी समुद्र उपसला. २ जुलै १९९२ रोजी सरकारने तेथील कॉडची व्यापारी मासेमारी बंद केली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. गावेच्या गावे ओस पडली. ही बंदी उठण्यास २०२४ साल उजाडले आणि तीही मर्यादित प्रमाणातच उठली.

इंग्लंड व वेल्सच्या महागुरुस्वामींनी २०११ साली शुक्रवारचे मांसवर्ज्य पुन्हा बंधनकारक केले. मांसाऐवजी मासा, यामागे संयमाची शिकवण होती. ताटातील संयम आपण पाळला. जाळे टाकताना मात्र तो विसरलो. समुद्र देतो म्हणून तो अक्षय्य ठरत नाही, हे कॉडने शिकविले. ते शिकण्यासाठी हजारो कोळी कुटुंबांना मात्र आपली चूल गमवावी लागली.