टाकीत थोडं टू-टी

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांना एरंडेलाचा त्रास होता. त्यांच्या विमानांना नोम, ल रोन, क्लर्जे अशा नावांची फ्रेंच इंजिनं असत. ही इंजिनं विचित्र होती: सिलिंडरांचं अख्खं कडं पंख्याबरोबर गरगर फिरायचं आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातून, म्हणजे क्रँककेसमधून, वर जायचं. त्या पोटात साधं खनिज तेल ठेवलं तर पेट्रोल ते धुऊन नेणार. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून एरंडेल. ते परत गोळा करायची सोय नव्हती. अर्धवट जळलेलं तेल मागे उडायचं आणि उघड्या कॉकपिटमधल्या माणसाच्या नाकातोंडात जायचं. पुढे काय व्हायचं ते ज्यांना आजीने चमच्याने एरंडेल पाजलंय त्यांना सांगायला नको. 'कॅस्ट्रॉल' हे नावही या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं आहे. चार्ल्स वेकफील्डच्या कंपनीने ते १९०९मध्ये घेतलं.

ही इंजिनं फोर-स्ट्रोक होती हे महत्त्वाचं. तरी इंधनाबरोबर तेलही जाळावं लागे, कारण यंत्राची रचनाच तशी होती. पेट्रोलसोबत तेल जाळायचं की नाही, हे आधी इंजिनाच्या पोटात काय चाललंय यावर ठरतं.

माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. हे आता इतकं सर्रास झालंय की त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्यामुळे एक खोड लागली आहे. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ असते, ती कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि काढायची हिंमतही कुणी करत नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी शेजारची टिप्पणी बदलतं, ओळ तशीच राहते. 'पेट्रोलच्या टाकीत थोडं टू-टी ऑईल टाकत जा' ही तसलीच एक ओळ आहे. काका त्यांच्या फियाटच्या काळापासून हे ऐकत आलेत. शिसं गेलं तेव्हा ते शिशासाठी सांगितलं गेलं, आता इथेनॉल आलं तर इथेनॉलसाठी सांगितलं जातंय. कारण दरवेळी नवं, सल्ला तोच. तो नक्की कुठल्या यंत्रासाठी खरा होता, हे मला शोधायचं होतं.

टू-स्ट्रोकसाठी तो शंभर टक्के खरा होता. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेने १८८९च्या सुमारास जे इंजिन मांडलं, त्यात पिस्टनखालची क्रँककेसच पंपासारखी वापरली होती. ताजं मिश्रण आधी खाली खेचायचं, मग दाबून वर ढकलायचं. कॅमशाफ्ट नाही, ऑईल पंप नाही. गरिबाघरचं इंजिन. पण जिथून पेट्रोल वाहतं तिथे तेलाचं तळं ठेवता येत नाही, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जाता जाता ते बेअरिंगला आणि पिस्टनला लागतं आणि शेवटी जळून जातं.

हे फक्त स्कूटरपुरतं नव्हतं. जर्मनीत डीकेडब्ल्यूची एफ-१ ही छोटी मोटार १९३१मध्ये टू-स्ट्रोक इंजिनावर आली. युद्धानंतर त्सविकाऊ गावात, त्याच परंपरेतून, पूर्व जर्मनीची ट्राबांट निघाली. १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांहून जास्त ट्राबांट बनल्या. म्हणजे लाखो घरांत पेट्रोल भरताना तेल मोजून ओतणं हा नियम होता. त्याला युक्ती म्हणायचं कारण नव्हतं. स्वीडनच्या साबनेही १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टू-स्ट्रोक मोटारी विकल्या. त्यातली एक गंमत मला फार आवडते. लांब उतारावर ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. चाकं मात्र इंजिनाला फिरवत राहणार. इंजिन कोरडंच घासलं जाणार. म्हणून साबने गाडीत फ्रीव्हील दिलं, सायकलीला असतं तसं. उताराला चाकं फिरतात, इंजिन निवांत.

आपल्याकडे हे ज्ञान घरोघरी पोचलं ते लूना आणि चेतकमुळे. दोन्ही १९७२च्या. पेट्रोल पंपावर मुख्य मशीनशेजारी तेलाचा छोटा हातपंप असे, आणि लिटरला वीस मिली हे प्रमाण शाळकरी पोरालाही पाठ असे. पन्नासाला एक. आधीच्या काळात, तेलं बेताची होती तेव्हा, वीस-पंचवीसाला एकही टाकत. प्रमाण चुकलं तर 'पिस्टन जाम' ही धमकी सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे एक समजूत मनात पक्की बसली: तेल कमी पडलं तर इंजिन मरतं, जास्त झालं तर फार तर धूर होतो. मग जास्तच टाका.

या 'जास्तच टाका'ची किंमत शहरांनी मोजली. जागतिक बँकेने २०००मध्ये दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक वाहनांवर अहवाल काढला. रिक्षावाले शिफारशीपेक्षा जास्त तेल टाकतात, तेही पुष्कळदा टू-टी नसलेलं साधं सुटं खनिज तेल, आणि त्याने इंजिन टिकतं, मायलेज वाढतं असं मानतात, हे त्यात नोंदलेलं आहे. स्वस्त रॉकेलची भेसळ वेगळीच. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणातलं काही न जळताच धुराड्यातून बाहेर पडतं. तो निळा धूर म्हणजे तेलाचे बारीक थेंब, आणि चौकात उभ्या माणसाच्या फुप्फुसात ते सहज शिरतात. दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८मध्ये जे आदेश दिले त्यात पंपांवर आणि गॅरेजमध्ये सुटं टू-टी विकायला बंदी होती; मुदत वर्षअखेरची. पुढे ढाक्याने २००३ उजाडताना टू-स्ट्रोक तीनचाकी शहरातूनच काढल्या. माझ्या पिढीला तो निळा धूर जेमतेम आठवतो, आणि याचं श्रेय त्या रटाळ वाटणाऱ्या आदेशांना आहे.

आता फोर-स्ट्रोककडे. इथे खाली संप असतो, त्यात तीन-चार लिटर तेल, ते पंपाने सगळीकडे फिरतं. सिलिंडरच्या भिंतींनाही लागतं, आणि जादाचं तेल रिंग खरवडून परत पाठवते. पेट्रोलमधल्या तेलाला काम उरत नाही. तरीही १९२०-३०च्या दशकांपासून 'अप्पर सिलिंडर ल्युब्रिकंट' नावाचा प्रकार जोरात विकला जाई. अमेरिकेत १९२३पासून मार्व्हल मिस्टरी ऑईल, ब्रिटनच्या पंपांवर पेट्रोलसोबत रेडेक्सची एक मात्रा. याला मी भोंदूगिरी म्हणणार नाही. तेव्हाच्या गाड्या थंडीत चोक ओढून सुरू होत, कच्चं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढी, आणि इंजिन ऑईलमध्ये आजच्यासारखी काजळी धरून ठेवणारी रसायनं नव्हती. व्हॉल्व्ह चिकटत. अशा इंजिनाला वरून थोडं तेल मिळालं तर बरं वाटत असणार. पुढे तेलं सुधारली, मग फ्युएल इंजेक्शन आलं आणि चोकच गेला.

आणि मग शिसं. या गोष्टीतला सगळ्यात काळा भाग हाच.

९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजलीला असं दिसलं की टेट्राइथाइल लेड चिमूटभर घातलं तर इंजिनाचं नॉकिंग थांबतं. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळूनही ते थांबतं हे त्याला आणि त्याचे वरिष्ठ चार्ल्स केटरिंग यांना ठाऊक होतं. पण त्यासाठी अल्कोहोल खूप लागतं, आणि त्याचं पेटंट घेता येत नाही. फेब्रुवारी १९२३मध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं, 'इथाइल' या नावाने. नावात शिसं कुठेच नव्हतं. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून, हुंगून दाखवलं. आदल्या वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे रजेवर गेला होता.

पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरच्या मुलांनी ते शिसं श्वासातून घेतलं. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. पृथ्वीचं वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसनला आपल्या नमुन्यांत सगळीकडूनच शिसं मिसळतंय हे जाणवलं, आणि १९६५मध्ये त्याने माणसाभोवतालच्या शिशावर जो लेख लिहिला त्यापायी उद्योगांशी कायमचं वैर घेतलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं, कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर. जगात शेवटचा देश अल्जिरिया, २०२१.

पण शिशाचा इंजिनाला एक फायदा होता. जळल्यावर त्याच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसे. लालबुंद व्हॉल्व्ह ओतीव लोखंडावर मिनिटाला हजारदा आपटतो तेव्हा तो थर मध्ये गादीसारखा राही. जुन्या अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका हेडच्या लोखंडातच कापलेल्या होत्या. शिसं गेलं की अशा बैठका झिजून व्हॉल्व्ह आत धसू शकतात, विशेषतः सतत जोरात पळवल्यावर. भीती खोटी नव्हती. उपाय होता हेड उतरवून कडक धातूच्या बैठका ठोकणं. स्वस्त उपाय म्हणून बाटली पुढे आली.

आमच्या कराडचे एक मेकॅनिक, साठीच्या पुढचे, अजून ती देतात. मी मागे विचारलं तर म्हणाले, "दादा, शिसं गेल्यापास्नं पेट्रोल कोरडं झालंय. शंभर मिली टाकत जावा, इंजिन मऊ पळतंय." 'कोरडं पेट्रोल' हा शब्द मला इतका पटण्यासारखा वाटला की त्याला उत्तर शोधताना मजा आली. शिशाचं काम धातूच्या क्षारांच्या थराने होत होतं, ओशटपणाने नाही. आणि चांगलं टू-टी कशाला म्हणतात? जे जळून कमीत कमी राख आणि काजळी मागे ठेवतं ते. जपानच्या जासो मानकातल्या एफसी, एफडी या प्रती त्यासाठीच आहेत. म्हणजे तेल जितकं उत्तम, तितका व्हॉल्व्हच्या बैठकीवर थर बसण्याचा संभव कमी.

'मऊ पळतंय' याचंही गणित करून पाहिलं. पस्तीस लिटरच्या टाकीत शंभर मिली, म्हणजे साडेतीनशेला एक. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला सुमारे ६७ मिली पेट्रोल, आणि त्यात ०.१९ मिली तेल: चार थेंब. ताशी चाळीसच्या वेगाने, दोन हजार आरपीएमवर, एका किलोमीटरमध्ये चार सिलिंडरच्या इंजिनात सहा हजार स्फोट होतात. चार थेंब, सहा हजार स्फोट. हा सल्ला टिकून राहण्याचं कारण मला इथेच सापडतं. इतक्या कमी प्रमाणात फायदा जाणवणं अवघड, आणि तोटाही लगेच जाणवत नाही. बाटली टाकून माणूस कान देऊन ऐकतो, आणि कान दिला की इंजिन मऊ वाटतंच.

तोटा हळू चालतो. तेलाने पेट्रोलचा ऑक्टेन थोडा घटतो. टर्बो असलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत तेलाचे थेंब वेळेआधीच पेट घेऊ शकतात. आणि तेलातल्या रसायनांची राख, विशेषतः त्यात फॉस्फरस किंवा जस्त असेल तर, कॅटलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमवर साचते. याच कन्व्हर्टरसाठी शिसं काढावं लागलं होतं. अपवाद सांगायचा तर माझदाच्या आरएक्स-७, आरएक्स-८. त्यांच्या रोटरी इंजिनात कोपऱ्यांच्या सील ओल्या ठेवायला कंपनीच तेल आत सोडते, म्हणून हौशी मालक पेट्रोलमध्येही टू-टी घालतात. तिथे ते शहाणपणाचं आहे. भारतात अशा गाड्या किती असतील, बोटांवर मोजाव्यात.

२०२५च्या पावसाळ्यात ई-२० वरून गदारोळ झाला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तीच ओळ आली, नव्या टिप्पणीसह: इथेनॉल इंजिन खातं, टू-टी टाका. १९२१मध्ये मागे पडलेलं अल्कोहोल शंभर वर्षांनी टाकीत परत आलं, आणि त्याच्याबरोबर तेलाची बाटलीही. इथेनॉलबद्दलच्या तक्रारी काल्पनिक नाहीत. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं घटणारच; ते पाणी ओढून घेतं; जुन्या प्रकारचं रबर फुगवतं. यातलं एकही काम साडेतीनशेला एक तेलाने थांबत नाही. ऊर्जा भरून निघत नाही, पाणी बाहेर राहत नाही, आणि नळीच्या रबराला तेलाचा तवंग वाचवत नाही. जुन्या गाडीत बदलायच्या त्या इंधनाच्या नळ्या, ओ-रिंग, कार्ब्युरेटरमधले रबरी भाग. त्यासाठी गाडी एक दिवस गॅरेजला सोडावी लागते. बाटली मात्र पंपावरून निघतानाच ओतता येते.