प्रोथ्रॉम्बिन कालाची जडणघडण
विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत स्वीट क्लोव्हर या वैरणीची बुरशी धरलेली गंजी खाल्लेली गुरे शिंगे कापल्यावर रक्त न थांबल्याने दगावू लागली. त्यातील कारणीभूत द्रव्य, डायकुमारॉल, विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले आणि १९४१ च्या सुमारास ते शिरांतील गुठळ्या रोखण्यासाठी रुग्णांना दिले जाऊ लागले.

औषध आणि विष यांतील अंतर येथे फारच अरुंद असल्याने लघवीचा लालसर रंग, हिरड्यांतून झिरपणारे रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच टिपणाऱ्या परिचारिकेची नजर मोलाची असली, तरी ती लक्षणे रक्तस्राव सुरू झाल्यावरच दिसत. त्याआधीच इशारा देणारी कसोटी आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये सिद्ध केली होती: ऑक्झलेट मिसळून गोठण्यापासून रोखलेल्या रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे पेशीविरहित द्रव, वेगळा करायचा, त्यात सशाच्या मेंदूपासून केलेले थ्रॉम्बोप्लास्टिन, म्हणजे गोठण सुरू करणारे द्रव्य, आणि कॅल्शियम घालायचे, आणि गुठळी धरेपर्यंतचे सेकंद मोजायचे, निरोगी माणसात ते सुमारे १२ भरत. हाच प्रोथ्रॉम्बिन काल; औषधाचा परिणाम वाढला की तो लांबतो.

खरी अडचण पुढेच होती, कारण थ्रॉम्बोप्लास्टिन जागोजागी वेगळे असल्याने एकाच रक्ताचे निकाल जुळत नसत आणि कमी संवेदनशील द्रव्य वापरणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांत रुग्णांना अकारण जास्त मात्रा मिळे, हा दोष गंभीरच मानला पाहिजे. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर, म्हणजे रुग्णाचा काल आणि निरोगी काल यांचे द्रव्याच्या संवेदनशीलतेनुसार दुरुस्त केलेले गुणोत्तर, स्वीकारले. डायकुमारॉलच्याच गटातील वॉरफरिन हे औषध घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत ते २ ते ३ दरम्यान राखले जाते.