शुक्राणू पोहतो कसा? साडेतीन शतकांची शोधकथा

१/ १६७७. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातील कापडव्यापारी अंतोनी व्हान लेवेनहूक स्वतः घासलेल्या भिंगातून मानवी वीर्याचा थेंब पाहतो. त्यात शेपटी हलवीत पोहणारे असंख्य सूक्ष्म जीव! लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवताना, विद्वानांना ते किळसवाणे वाटल्यास प्रसिद्ध करू नये, असेही तो सुचवतो.

२/ पण या जीवांचे कार्य काय? १८व्या शतकात इटलीच्या स्पालान्झानीने बेडकाचे वीर्य गाळून पाहिले. नीट गाळलेल्या द्रवाने अंडी फळली नाहीत. गाळणकागदावर उरलेल्या अंशाने फळली. तरीही त्याने फलनाचे श्रेय शुक्राणूंना दिले नाही. ते दिले १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी.

३/ पोहणारा शुक्राणू फलनास सिद्धच असतो, असे पुढे गृहीत धरले गेले. १९५१ मध्ये अमेरिकेत मिन च्युह चांग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे ते खोडून काढले. मादीच्या शरीरात काही तास घालवल्यावाचून शुक्राणू बीजांडात शिरू शकत नव्हता. या बदलाला ऑस्टिनने नाव दिले ‘कपॅसिटेशन’, म्हणजे सामर्थ्यप्राप्ती.

४/ मग शुक्राणूला संकेत कोण देतो? उत्तराचा पहिला धागा यकृताच्या अभ्यासातून आला. संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारा रेणू, सायक्लिक एएमपी, अर्ल सदरलँड यांना तेथे सापडला. १९७१ चे नोबेल त्यांना मिळाले. शुक्राणूच्या हालचालीलाही हाच निरोप्या लागतो, हे नंतर दिसून आले.

५/ मात्र शुक्राणूत हा रेणू घडवणारे विकर निराळे निघाले. ते संप्रेरकांच्या हुकमाने चालत नाही. २००० मध्ये योखेन बुक व लॉनी लेव्हिन यांच्या चमूने दाखवले, की त्याला जागे करतो बायकार्बोनेट. खाण्याच्या सोड्यात असतो तोच! साठवणीच्या नलिकेत तो अल्प असतो, म्हणून शुक्राणू तेथे शांत राहतात. वीर्यात आणि स्त्रीच्या प्रजननमार्गात तो विपुल असतो. विकर जागे होते, सायक्लिक एएमपी वाढतो, त्यातून दुसरे विकर, प्रोटीन कायनेज ए, कामाला लागते आणि शेपटी वेगाने फटकारे मारू लागते.

६/ २००४ मध्ये याचा निर्वाळा मिळाला. हे विकर नसलेले नर उंदीर वंध्य होते. त्यांचे शुक्राणू पुढे सरकतच नव्हते.

७/ या शोधाला सामाजिक बाजूही आहे. मूल न होण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीच्या माथी मारला गेला. पुरुषाच्या एका पेशीतील एक विकर निकामी असले, तरी पाळणा हलत नाही, हे आता प्रयोगाने सिद्ध आहे.

८/ गर्भनिरोधाचा भारही तिच्यावरच पडला. गोळीच्या निर्मितीत तर चांग यांचाच मोठा वाटा होता. २०२३ मध्ये बुक-लेव्हिन चमूने हेच विकर काही काळ रोखणारे औषध नर उंदरांना दिले. शुक्राणू सुमारे अडीच तास निश्चल राहिले. दुसऱ्या दिवशी प्रजननक्षमता परतली. माणसासाठीची गोळी अद्याप दूर आहे. पण जबाबदारी वाटून घेण्याची वाट प्रयोगशाळेत तरी उघडली आहे.