विनावॉरंट अटक आणि स्त्रिया

दारात पोलीस उभा राहिला की "वॉरंट आहे का?" असे विचारावे, एवढे पुष्कळ भगिनींना ठाऊक असते. तो कागद नसेल तर पोलिसाला अटक करताच येत नाही, ही समजूत मात्र खरी नव्हे.

१८९८ च्या फौजदारी संहितेचे ५४ वे कलम पाहावे. दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय असला, चोरीचा वाटणारा माल जवळ सापडला, घरफोडीची हत्यारे विनाकारण बाळगली किंवा पोलिसाला कामात अडविले, तर वॉरंटाची गरज नसे. मॅजिस्ट्रेटचा हुकूम येईपर्यंत चोर थोडाच थांबणार! पण संशय 'वाजवी' आहे की नाही, हे त्या घटकेला ठरवणार कोण? तोच पोलीस. खरी मेख येथे आहे. १९७३ च्या संहितेत हा अधिकार ४१ व्या कलमात गेला व १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या ३५ व्या कलमात आला. मूळ गाभा तोच राहिला. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, हा जुना नियम १९५० साली राज्यघटनेने मूलभूत हक्क केला.

तथापि, त्या २४ तासांत कोठडीत बाईमाणसाचे काय होते? १९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले! १९८३ च्या निकालात हुकूम झाला की, स्त्रियांसाठी निराळ्या कोठड्या असाव्यात, पहारा स्त्री-शिपायांचा असावा, चौकशी स्त्री-पोलिसांसमक्षच व्हावी, नातलगास ताबडतोब कळवावे. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, असेही सांगितले. मला हे शेवटचे फार मोलाचे वाटते. हक्क परभाषेत असला तर तो असून नसल्यासारखाच.

सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये, हे कलम मात्र २००५ च्या दुरुस्तीने आले आणि २००६ पासून अमलात आले. त्याला अपवाद आहे: प्रसंग असाधारण असेल तर स्त्री-पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी मिळवावी लागते. म्हणजे रात्री दार वाजले, तर वॉरंटाबरोबरच ही परवानगीही मागावी.